ताई, पेनड्राइव्ह आणि सर्दीवाला

आमच्या ताईला दिसत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कोणी "अरेरे" करायला नको. जन्मापासून दिसत नाही, आणि त्याचं तिला स्वतःला जितकं वाईट वाटतं त्याच्या दसपट भेटेल त्याला वाटतं. बसमध्ये लोक तिच्या डोक्यावरून मला विचारतात, "यांना कुठे उतरायचंय?" अहो, तिला तोंड आहे की! आणि कसलं तोंड! विचारून तर बघा, उतरेपर्यंत तुम्हालाच बोलू देणार नाही. मी असं फाडकन बोलते म्हणून माझा नवरा म्हणतो, तुझा राग नाकावर असतो. असू दे. ज्याची बहीण अशी आहे त्यानेच ते समजून घ्यावं.

मी धाकटी. खाली रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. लोकांना वाटतं ताई माझ्याकडे राहते. खरी गोष्ट उलटी आहे, आम्ही तिच्याकडे राहतो. दुकान आणि वरच्या खोल्या तिच्या पगारावर उभ्या राहिल्या, आणि हे मी कोणालाही मोठ्याने सांगते, नवऱ्यासमोर तर मुद्दाम सांगते.

ताई एका मोठ्या हॉस्पिटलात टायपिस्ट आहे. डॉक्टर लोक तपासणी झाली, ऑपरेशन झालं की यंत्रात बोलून ठेवतात, आणि ताई ते कानाने ऐकून रिपोर्ट टाइप करते. तिच्या कॉम्प्युटरमध्ये एक बोलणारा प्रोग्राम होता. तिने अक्षर दाबलं की तो कानात अक्षर सांगायचा, ओळ वाचून दाखवायचा, चूक झाली की लगेच कळायची. ताईची पद्धत मात्र तिची स्वतःची. आधी एका डॉक्टरचं बोलणं अथपासून इतिपर्यंत ऐकायचं, दोन्ही हात मांडीवर, मान जरा कललेली, जशी काही समाधीच लागलीय. मग बोटं उचलायची ती शेवटच्या पूर्णविरामाला खाली. मधे थांबणं नाही, मागे जाणं नाही. बाकीच्या टायपिस्ट एकेक वाक्य थांबवून थांबवून टाइप करतात. ताई म्हणते, "त्या शिवणं उसवत बसतात. मी आधी कापड बघते." नम्रपणा वगैरे तिच्यात औषधालाही नाही. डॉक्टरांनासुद्धा सोडत नाही. एक डॉक्टर फार घाईत बोलतात, त्यांना एकदा जिन्यात गाठून म्हणाली, "तुमच्यामागे कोणी लागलंय का? पेशंटचं मूत्रपिंड डावं की उजवं, तेवढं तरी सावकाश सांगा." डॉक्टर हसले, आणि तेव्हापासून सावकाश सांगायला लागले.

तर अशी ही ताई एक दिवस कामावरून आली आणि चप्पल काढून सरळ आत जाऊन बसली. मी चहा दिला, तो तिने घेतला, कप ठेवला, आणि म्हणाली, "मला चौकशीच्या खिडकीत बसवलंय."

झालं होतं असं. हॉस्पिटलने सगळे कॉम्प्युटर बदलले. जुने धोक्याचे झाले होते, त्यांच्यावर चालणाऱ्या प्रणालीला आता कोणी विचारत नव्हतं, बाहेरून कोणी आत शिरलं तर पेशंटची सगळी माहिती उघडी पडली असती. ते बरोबरच केलं त्यांनी. पण ताईचा बोलणारा प्रोग्राम त्या जुन्या मशीनशी बांधलेला. नव्यावर तो उघडेना, आणि तो बनवणारी कंपनीच मधल्या काळात बंद पडलेली, तक्रार करायची कुणाकडे? ऑफिसच्या मुख्य बाई, त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात, वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, काहीतरी सोय होईपर्यंत तुम्ही चौकशीला बसा. लोकांना क्ष-किरण कुठे, रक्त कुठे द्यायचं, ते सांगा.

"म्हणजे बघ," ताई म्हणाली, "मला दिसत नाही, आणि मी लोकांना रस्ता दाखवते!"

मला हसू आलं. तीही हसली. पण मग तिने तोंड फिरवलं आणि मला कळलं की हे प्रकरण साधं नाही. पगार तोच होता, वेळ तीच होती. पण "काहीतरी सोय होईपर्यंत" म्हणजे काय, हे आम्हा दोघींना पक्कं माहीत होतं. सोय होणार नव्हती. रिपोर्टरूममधली तिची खुर्ची उद्या दुसऱ्या कोणालातरी जाणार, आणि माझी ताई निवृत्त होईपर्यंत "सरळ जा, मग डावीकडे" म्हणत बसणार. आयुष्यभर जिच्या बोटांचा डंका वाजला तिने रिकाम्या हातांनी बसायचं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, मी येते आणि त्या मॅडमना चांगली फैलावर घेते.

"तू काही येऊ नकोस," ताई म्हणाली. "तू आलीस की माझी उरलीसुरली नोकरीही जाईल."

ताईची एक मैत्रीण आहे, दूरच्या शहरात. निवृत्त झालेल्या गाण्याच्या बाई. त्यांनाही दिसत नाही. दोघी कधी भेटलेल्या नाहीत, पण फोनवर तासन्‌तास चालतं. ताईने त्यांच्यापाशी आपलं रडगाणं सुरू केलं तर त्या बाईंनी मधेच तोडलं. म्हणाल्या, "अगं, विकतच्या प्रोग्रामच्या नादाला लागतेसच कशाला? मी इतकी वर्षं लिनक्स वापरतेय, कॉम्प्युटर चालवणारी वेगळी प्रणाली असते ती. फुकट आहे, बोलतं, आणि पेनड्राइव्हवर मावतं. खिशात घाल, कुठल्याही कॉम्प्युटरला लाव, सुरू कर. त्या मशीनच्या आतल्या कशालाही हात लावत नाही. काढलास की मशीन जसंच्या तसं."

ताईने विचारलं, "आणि ही कंपनी बंद पडली तर?"

"कंपनी असेल तर बंद पडेल ना! जगभरच्या लोकांनी मिळून बनवलंय, कसं बनवलंय तेही उघडं ठेवलंय. हे कुणा एकाचं नाही, म्हणून तुझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही."

हे शेवटचं वाक्य ताईच्या मनात जे घुसलं ते घुसलं. फोन ठेवल्याबरोबर मला हाक. "पेनड्राइव्ह आहे का गं?"

दुकानात पेनड्राइव्हला काय तोटा? गल्ल्याजवळच्या डब्यातला एक उचलला. गाण्याच्या बाई फोनवरून सांगत गेल्या, मी माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर ते लिनक्स उतरवून घेतलं आणि त्या पेनड्राइव्हवर चढवलं. बाईंनी बजावलं होतं, की यावर आधीचं काही असेल तर ते सगळं पुसलं जाईल. ताई म्हणाली, "रिकामाच असेल." मीही म्हटलं, रिकामाच असेल. तर तो निघाला माझ्या नवऱ्याचा. त्यात त्याने वर्षानुवर्षं जमवलेली जुनी गाणी होती. होती! नवरा आठवडाभर फुगून बसला. ताई त्याला म्हणाली, "भाऊजी, तुमची गाणी माझ्या नोकरीच्या कामी आली असं समजा." त्यावर तो आणखीच फुगला.

आता खरी अडचण ऐका. हे लिनक्स एकदा पूर्ण सुरू झालं की बोलतं. पण कॉम्प्युटरचं बटण दाबल्यापासून ते त्याने तोंड उघडेपर्यंत मधे एक मुका पट्टा आहे. त्या वेळात मशीनला सांगावं लागतं की बाबा रे, आज आतून नको, या पेनड्राइव्हवरून सुरू हो. एक बटण पटापट दाबायचं, मग एक यादी येते, तिच्यात खालीवर करून पेनड्राइव्ह निवडायचा. ती यादी फक्त दिसते, बोलत नाही. आणि जो बोलणार तो अजून जागाच झालेला नसतो.

पहिल्यांदा मी शेजारी उभी राहिले. "काळं झालं." "मग?" "यादी आली. पहिलं आतलं, दुसरा पेनड्राइव्ह." ताईने खालचं बटण दाबलं, एंटर दाबलं. मग मी म्हटलं, "ओळी पळतायत. बापरे, किती पळतायत!" मग सगळं स्थिर झालं, ताईने बाईंनी सांगितलेली बटणं एकत्र दाबली, आणि स्पीकरमधून एक आवाज आला.

आवाज म्हणजे काय सांगू! नाक पूर्ण चोंदलेल्या माणसाने घाईघाईने बातम्या द्याव्यात तसा. जुन्या प्रोग्राममधली बाई किती गोड बोलायची! मी कपाळाला हात लावला. ताईने मात्र कान टवकारले, बटणं दाबून दाबून त्याच्याकडून एकेक ओळ वाचून घेतली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी माझा शेरा गिळला. "सर्दी झालीय बिचाऱ्याला," ती म्हणाली, "पण बोलतोय." तेव्हापासून त्याचं नावच पडलं सर्दीवाला.

मग सुरू झाली तालीम. चौकशीच्या खिडकीतून सुटली की ताई सरळ दुकानात. मुक्या पट्ट्यातून जायला ती कानाने शिकली. बटण दाबलं की आतला पंखा जोरात सुटतो, मग जरा दम घेतो, त्या दमाला यादी आलेली असते. पुन्हा पंखा चढतो, उतरतो, तेव्हा सर्दीवाल्याला उठवायचं. मी मात्र शेजारून काहीतरी बोलायचेच. "हां, आता," "नाही नाही, थांब," "खाली, खाली!" माझ्याने राहवायचंच नाही. शेवटी ताईने हात लांब केला, चाचपडून पडद्याचं बटण शोधलं आणि पडदाच बंद करून टाकला.

"अगं!"

"मला त्याचा उपयोग नाही, आणि तुझा त्रास आहे," ती म्हणाली. "आता बोल काय बोलतेस."

तेव्हापासून ताई पडदा बंद ठेवूनच काम करायला लागली. दुकानात झेरॉक्सला आलेलं गिऱ्हाईक बघायचं, एक बाई काळ्याकुट्ट पडद्यासमोर बसून खडाखड टाइप करतेय, कानाला हेडफोन. एक काका मला हळूच म्हणाले, "लाइट गेलीय ती त्यांना कळली नाही वाटतं." मी म्हटलं, "काका, लाइट आहे. तुमचा कागद द्या."

हात पक्का बसला तेव्हा ताई मोठ्या मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, एक दिवस द्या. तुमच्या नव्या मशीनमधल्या कशाला धक्का लागणार नाही, मी माझ्या पेनड्राइव्हवरून काम करते. साठलेले रिपोर्ट टाइप करून दाखवते. जमलं तर माझी खुर्ची मला परत. नाही जमलं तर खिडकीत बसेन आणि पुन्हा तोंड उघडणार नाही. मॅडमनी कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाला बोलावलं. त्यांना सगळे मशीनकाका म्हणतात. मशीनकाका बाहेरच्या पेनड्राइव्हला विंचवासारखे भितात. कुठल्या मशीनला विसरलेला दिसला की काढून खिशात घालायचा, हा त्यांचा नेमच. तरी मॅडम म्हणाल्या म्हणून त्यांनी होकार दिला, आणि पेनड्राइव्ह तपासून ताईला मशीन सुरूही करून दिलं.

त्या दिवशी मी तिला पोचवायला गेले आणि परत आलेच नाही. रिपोर्टरूममध्ये बाहेरच्यांना मनाई, पेशंटच्या गोष्टी असतात. मी बाहेरच्या बाकावर बसले. दार काचेचं होतं. ताई बसली, हात लांब करून पडदा बंद केला, हेडफोन लावले, आणि लागली. सकाळभर काय हात चालला तिचा! दार बंद असूनही मला खडखड ऐकू येत होती. येणाराजाणारा माझ्याकडे बघायचा, मी म्हणायचे, "माझी बहीण." कोणी विचारलं नव्हतं. तरी म्हणायचे.

जेवणाची सुट्टी व्हायला आली. बाकीच्या टायपिस्ट उठल्या. ताई एका लांबलचक रेकॉर्डिंगवर होती, म्हणजे ऐकत होती. हात मांडीवर, मान कललेली. मशीनकाका त्यांच्या फेरीवर आले. मी काचेतून बघत होते, आणि अजून डोळ्यांसमोरून जात नाही. काका ताईच्या टेबलाशी थांबले. काळा पडदा. स्वस्थ बसलेली बाई. त्यांना वाटलं, हिचं झालंय, मशीन बंद केलंय, पेनड्राइव्ह तेवढा राहिलाय. वाकले, काढला, खिशात घातला.

मी "अहो!" म्हणून ओरडले. तोवर उशीर झाला होता.

ताईने हेडफोन काढले, पुन्हा लावले. एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. मग तिने टेबलाच्या कडेवरून हात नेत पेनड्राइव्हची जागा चाचपली, आणि तिथे काहीच नव्हतं. सर्दीवाला अर्ध्या शब्दावर गेला होता. त्याच्याबरोबर सकाळचे सगळे रिपोर्टही गेले होते. पेनड्राइव्हवरून चालणारी प्रणाली पाहुण्यासारखी असते, मशीनमध्ये काही ठेवत नाही, पेनड्राइव्हवरही नाही; चालू आहे तोवरच सगळं. ताई ते सगळे दिवस संपताना एकदम मॅडमच्या ठिकाणी पाठवणार होती.

मी मनाई-बिनाई काही बघितली नाही, दार ढकलून आत. काकांना काय काय बोलले ते आता आठवत नाही, आठवलं तरी सांगणार नाही. काकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. खिशातून पेनड्राइव्ह काढून ते तो तळहातावर धरून उभे राहिले आणि पुन्हापुन्हा म्हणत होते, "मला वाटलं बंद आहे. मला वाटलं बंद आहे हो."

गोंगाट ऐकून मोठ्या मॅडम आल्या. सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला सांगा, मला वाईट वाटतंय. पण हे असं—"

"तिला सांगा ना!" मी म्हटलं. "ती इथेच बसलीय!"

मॅडम लाल झाल्या. ताईकडे वळल्या. "मला खरंच वाईट वाटतंय. पण तुम्हीच विचार करा. आज चुकून कोणी काढला. उद्या कुणाचा धक्का लागेल. रिपोर्ट हा पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे. खिशातल्या वस्तूवर मी तो सोपवू शकत नाही."

मी ताईकडे बघितलं. मला वाटलं आता रडेल. मी तर रडायच्या बेतातच होते. ताईने केस मागे सारले आणि म्हणाली, "तुमचं बरोबर आहे."

मी तिला कोपराने ढोसलं.

"अगदी बरोबर आहे," ताई म्हणाली. "म्हणजे मला काम येतं की नाही, हा प्रश्न नाहीच उरला. पेनड्राइव्ह निघतो, हा प्रश्न आहे. तर मग जो निघणार नाही असा द्या. हेच सगळं मशीनच्या आत बसवता येतं. नवं मशीन नकोच मला. तुम्ही काढून टाकलेल्यातलं एक द्या, मी बसवते."

"जुनी मशीनं धोक्याची म्हणूनच काढलीत," मॅडम म्हणाल्या.

इतका वेळ खाली मान घालून उभे असलेले काका बोलले. "मॅडम, मशीनं धोक्याची नाहीत. आतली प्रणाली जुनी होती. ती पुसून ताजी बसवली, तर माझी काही हरकत नाही. सुरक्षेचं मी बघतो, लिहून देतो." आणि मग अगदी बारीक आवाजात, "माझ्यामुळे झालंय हे."

मॅडमनी काकांपुढे कागद सरकवला. मग म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत बसवून दाखवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं हॉस्पिटलच्या गोदामात. इथे मला मनाई नव्हती. मोडक्या खुर्च्या, खाटांच्या जाळ्या, आणि एका कोपऱ्यात जुने कॉम्प्युटर रचून ठेवलेले. काकांनी एक बरासा निवडला, फडक्याने पुसला, कळफलक जोडला, स्पीकर जोडला, आणि मग इकडेतिकडे बघत थांबले.

"काय झालं?" ताई.

"पडदे भंगारवाल्याने कालच नेले," काका म्हणाले. "सगळे. इथे एकही पडदा नाही. वर जाऊन नव्याचा आणावा तर तो याला जोडला जाणार नाही, खाच वेगळी आहे."

मी म्हटलं, संपलं. आता काय दिसणार कोणाला?

ताईला असं हसू फुटलं, असं फुटलं, की तिला धरायला खुर्ची लागली. "वा!" ती म्हणाली, "आता आपण तिघं सारखे झालो. बसा काका."

काकाही हसले. रडवेले होते, ते हसले. आणि मग त्यांनी डोळे मिटले. हो, खरंच मिटले. म्हणाले, "ही मशीनं मीच बसवली होती. थांबा, आठवतो. या मॉडेलला यादीचं बटण वरच्या ओळीतलं, उजवीकडून... हां. ते दाबत राहा. आणि यात पेनड्राइव्ह शेवटी येतो. खालचं बटण धरूनच ठेवा, शेवटाला जाऊन थांबेल."

ताईने बटण दाबलं. पंखा सुटला. गोदामात दुसरा आवाज नव्हता. मला सारखं काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण बोलायला होतं काय? मी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसले. पंखा दमला. ताईने खालचं बटण धरलं, सोडलं, एंटर दाबलं. पुन्हा पंखा चढला. मग चोंदलेल्या नाकाचा तो आवाज गोदामभर घुमला, आणि मी त्या आवाजाला मनातल्या मनात शंभर आशीर्वाद दिले.

सर्दीवाला एकेक प्रश्न विचारत गेला. भाषा कोणती, घड्याळ कुठलं, कळफलक कसा. ताई पटापट उत्तरं देत गेली. मग आला मोठा प्रश्न. कुठे बसवू? त्याने दोन जागा वाचून दाखवल्या, दोन्हींची नावं आकडे आणि अक्षरं अशी, शेवटी जागा किती मोठी त्याचं माप, मला तर दोन्ही सारखीच वाटली. एक होती मशीनच्या आतली, जुनी. दुसरी म्हणजे आमचा पेनड्राइव्ह स्वतःच. चुकून तो निवडला तर सर्दीवाला स्वतःवरच बसणार, स्वतःलाच पुसणार, आणि दुपार डोक्यावर आलेली.

ताईने दोन्ही पुन्हा ऐकल्या. काका काही सांगायला पुढे झाले आणि थांबले. ताई म्हणाली, "मोठी ती आतली. धाकटी ती आपली." आणि एंटर दाबलं. मग सर्दीवाल्याने बजावलं, यावरचं सगळं जाईल, नक्की का? ताईने एक श्वास घेतला. "नक्की," ती मोठ्याने म्हणाली, जसं काही त्याला ऐकूच जाणार होतं, आणि पुन्हा एंटर.

बसवणं चालू असताना काका स्वतःहून चहा घेऊन आले. शेवटी सर्दीवाला म्हणाला, झालं, आता पेनड्राइव्ह काढा आणि मशीन पुन्हा सुरू करा.

ताई खुर्चीत मागे टेकली. "काका," ती म्हणाली, "काल न विचारता काढलात. आज मी सांगते. काढा."

काकांनी तो असा काढला की जसा काही काचेचा आहे. मशीन बंद झालं. पुन्हा पंखा सुटला. आता पाठीशी कोणी नव्हतं, जे होतं ते आतच. पंखा चढला. उतरला. आवाज नाही. आम्ही थांबलो. तरी नाही. काका माझ्याकडे बघायला लागले, मी ताईकडे. ताईचे ओठ घट्ट मिटलेले. इतकी वर्षं मी तिच्याबरोबर राहिले, तिला घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि ते मला सहन होईना. मी उठून तिच्या खांद्यावर हात ठेवणार, इतक्यात तिने बोट वर केलं. थांब.

आणि तो बोलला. जुनं मशीन, जरा सावकाश उठलं, इतकंच. त्याने ताईचं नाव विचारलं. ताईने टाइप केलं, आणि त्याने ते परत म्हणून दाखवलं, चोंदलेल्या नाकाने, अक्षर न अक्षर बरोबर. माझा जीव भांड्यात पडला. काका तर टाळ्याच वाजवायला लागले, एकटेच, त्या मोडक्या खाटांमध्ये.

दुपारी मशीन काकांनी स्वतः उचलून रिपोर्टरूममध्ये नेलं, ताईच्या जुन्या टेबलावर ठेवलं, तारा जोडल्या. मोठ्या मॅडम आल्या. त्यांनी आपल्या हाताने एक रेकॉर्डिंग निवडलं, खाकरत खाकरत बोलणाऱ्या डॉक्टरांचं, जे बाकीच्या टायपिस्ट शक्यतो एकमेकींकडे ढकलतात. मी बाहेर काचेपाशी. ताईने हात मांडीवर ठेवले, ऐकलं. मॅडम एकदा घड्याळाकडे बघत होत्या, एकदा काकांकडे. मग ताईने बोटं उचलली.

मी काही लेखकबिखक नाही, मला ते सांगता येणार नाही. एवढंच सांगते की बाकीच्या टायपिस्ट आपलं काम थांबवून उठून आल्या आणि तिच्यामागे उभ्या राहिल्या. बघायला काहीच नव्हतं, पडदाच नव्हता. त्या तिच्या हातांकडे बघत होत्या. रिपोर्ट छापून आला, मॅडमनी उभ्याउभ्या वाचला, शेवटपर्यंत वाचला. मग त्या ताईच्या खुर्चीजवळ वाकून तिला काहीतरी म्हणाल्या. काय म्हणाल्या ते मला काचेतून ऐकू आलं नाही. पण ताईची मान अशी काही ताठ झाली की मला कळायचं ते कळलं. मी तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, डोळे पुसले. लाज कसली त्यात? माझी बहीण आहे ती.

त्या दिवशी ती उशिरा सुटली. आधीचं सगळं साठलेलं काम अंगावर घेतलंन्‌, कोणी सांगितलं नव्हतं तरी. घरी आली, जेवली, माझ्या नवऱ्याशी दोन शब्द भांडली, आणि मग माझ्या शेजारी येऊन बसली. दोन्ही हात माझ्या मांडीवर टाकले.

"दुखतायत," ती म्हणाली. तक्रार नव्हती ती. ऐट होती.

मी तिची बोटं एकेक करून दाबायला लागले. सुजली होती जरा. चौकशीच्या खिडकीतून ती रोज घरी यायची तेव्हा तिचे हात कधी दुखले नव्हते. मी दाबत राहिले, आणि मला माझ्या बहिणीचा इतका अभिमान वाटला की काय बोलावं कळेना, म्हणून मी म्हटलं, "उद्या जरा कमी कर हां काम."

"कमी कशाला?" ताई म्हणाली. "जरा जोरात दाब. उद्या पुन्हा बसायचंय."